भिंतींपलीकडचे संग्रहालय : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

ज्या माणसाने संग्रहालयात कधी पाऊल टाकलेले नाही, त्याच्यासाठी संग्रहालय काय करते, हा प्रश्न शिक्षक, रुग्णालयांतील कर्मचारी, वस्त्यांमध्ये काम करणारे कार्यकर्ते आणि या क्षेत्रात नव्याने आलेले तरुण वेगवेगळ्या शब्दांत विचारत असतात. त्यांतल्या पुन्हा पुन्हा येणाऱ्या प्रश्नांची उत्तरे येथे एकत्र दिली आहेत.

संग्रहालय इमारतीबाहेर काम करते म्हणजे नेमके काय करते?

सर्वांत सोपा प्रकार म्हणजे वस्तू बाहेर नेणे. बसमधून, ट्रकमधून किंवा साध्या पेटीतून संग्रहाचा एखादा भाग शाळेत, वाचनालयात, वृद्धाश्रमात किंवा चौकात पोहोचतो. दुसऱ्या प्रकारात माणसे बाहेर जातात. संग्रह सांभाळणारे अभिरक्षक, वस्तूंची दुरुस्ती-जपणूक करणारे संवर्धक आणि शिक्षणाधिकारी लोकांच्या जागेत जाऊन त्यांच्याकडची जुनी छायाचित्रे, कागदपत्रे आणि अवजारे कशी जपावीत हे दाखवतात, किंवा वडीलधाऱ्यांच्या आठवणी ध्वनिमुद्रित करतात. तिसऱ्या प्रकारात संग्रहालयाचे ज्ञान बाहेर जाते आणि जंगल वाचवण्याच्या, रोगाचा माग काढण्याच्या किंवा शेतात सापडलेली वस्तू ओळखण्याच्या कामी येते. चौथा प्रकार सर्वांत अवघड, कारण त्यात निर्णयाचा अधिकार बाहेर जातो : काय दाखवायचे, कोणत्या शब्दांत सांगायचे आणि काय मुळीच दाखवायचे नाही, हे समाज ठरवतो. पहिल्या तीन प्रकारांचे काम कितपत टिकेल हे माझ्या मते या चौथ्यावर अवलंबून असते, आणि पुढील बहुतेक उत्तरांत हाच धागा आढळेल.

ही कल्पना अलीकडची आहे का?

मुळीच नाही. लंडनच्या साउथ केन्सिंग्टन संग्रहालयाने, म्हणजे आजच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयाने, १८५० च्या दशकातच आपल्या वस्तू इतर शहरांत फिरवायला सुरुवात केली होती. पुढे त्यासाठी खास विभाग उभा राहिला आणि तो १९७७ मध्ये खर्चकपातीत बंद पडेपर्यंत चालू होता. लिव्हरपूलच्या संग्रहालयाने १८८४ मध्ये शाळांना नमुन्यांच्या पेट्या उसन्या देण्याची योजना आखली. अमेरिकेत सेंट लुइस शहरात १९०४ चे जागतिक प्रदर्शन आटोपल्यावर तेथील वस्तूंमधून शालेय संग्रहालय उभे राहिले; १९०५ पासून शिक्षकांनी मागवलेल्या वस्तू घोडागाडीतून शाळेच्या दारात पोहोचत असत. शिकागोच्या फील्ड म्युझियमला १९११ मध्ये अशाच कामासाठी मोठी देणगी मिळाली आणि पक्षी, खनिजे, वनस्पती नीट मांडलेल्या लाकडी हातपेट्या शहरातील शाळांमधून फिरू लागल्या. वस्तू उसन्या देण्याचा तो विभाग आजही चालू आहे. नेवार्क येथे १९०९ मध्ये संग्रहालय स्थापन करणारे जॉन कॉटन डेना हे मूळचे ग्रंथपाल. ग्रंथालय जसे पुस्तक घरी नेऊ देते तसे संग्रहालयाने वस्तू का देऊ नये, असा त्यांचा सरळ विचार होता.

या सगळ्या इतिहासात मला सर्वांत मोलाचा वाटतो तो स्पेनमधला प्रयोग. तेथील दुसऱ्या प्रजासत्ताकाने १९३१ मध्ये खेड्यापाड्यांसाठी ‘मिसिओनेस पेदागोखिकास’ हे मंडळ स्थापन केले आणि १९३२ पासून त्याचे ‘लोकांचे संग्रहालय’ गावोगाव फिरू लागले. रामोन गाया, हुआन बोनाफे आणि एदुआर्दो विसेंते या तरुण चित्रकारांनी प्रामुख्याने माद्रिदच्या प्रादो संग्रहालयातल्या वेलास्केझ, गोया, एल ग्रेको, मुरिल्लो यांच्या चित्रांच्या मूळ आकारातल्या प्रती हाताने रंगवल्या होत्या. ही चौदा चित्रे ट्रकमध्ये घालून निघायची, एखाद्या गावातल्या शाळेत किंवा सभागृहात टांगली जायची, आणि सोबत आलेले तरुण चित्रांपाशी थांबून, जो येईल त्याच्याशी बोलत राहायचे. निघताना चित्रांच्या छापील प्रतिमा गावातच ठेवल्या जात. ज्यांनी आयुष्यात मोठे तैलचित्र पाहिले नव्हते अशा शेतकऱ्यांसमोर, त्यांच्याच गावात, हे घडत होते. १९३६ मध्ये यादवी युद्ध सुरू झाले आणि हा प्रवास थांबला.

मग १९६० आणि १९७० च्या दशकांत एवढे वेगळे काय घडले, ज्याचा सतत उल्लेख होतो?

तोपर्यंत संग्रहालय बाहेर जात होते, पण काय न्यायचे ते स्वतःच ठरवत होते. हे बदलणारी सर्वांत ठळक घटना वॉशिंग्टनमध्ये घडली. स्मिथसोनियन संस्थेने १९६७ मध्ये शहरातील अनाकोस्तिया या प्रामुख्याने कृष्णवर्णीय वस्तीत, एका जुन्या चित्रपटगृहात, छोटे संग्रहालय उघडले आणि जॉन किनार्ड यांना त्याचे संचालक नेमले. किनार्ड संग्रहालयशास्त्रातून नव्हे, तर सामाजिक कार्यातून आलेले होते. वस्तीतल्या लोकांशी बोलताना कळले की त्यांना रोज छळणारा प्रश्न उंदरांचा आहे. तेव्हा १९६९ मध्ये संग्रहालयाने चक्क उंदीर या विषयावर प्रदर्शन भरवले. त्यात जिवंत उंदीर होते, उंदीर कोणत्या परिस्थितीत वाढतात याची माहिती होती आणि त्यांचा बंदोबस्त कसा करावा हेही होते. मौल्यवान वस्तू दाखवणे हेच संग्रहालयाचे काम, असे मानणाऱ्यांना तेव्हा हे विचित्र वाटले असेल. आज मात्र लोकसहभागाचा इतिहास सांगताना या प्रदर्शनाला वगळता येत नाही.

फ्रान्समध्ये जॉर्ज आंरी रिव्हिएर आणि ह्यूग द व्हारीन यांच्या विचारातून १९७१ च्या सुमारास ‘इकोम्युझियम’ ही संकल्पना पुढे आली. यात इमारतीच्या जागी संपूर्ण परिसर, संग्रहाच्या जागी तिथला वारसा आणि प्रेक्षकांच्या जागी तिथले रहिवासी धरले जातात. ल क्रूझो या औद्योगिक परिसरात त्याचा मोठा प्रयोग झाला. पाठोपाठ १९७२ मध्ये चिलीतील सान्तियागो येथे युनेस्कोने गोलमेज परिषद बोलावली. शहरांची वाढ, शेती आणि शिक्षण हे विषय संग्रहालयांचेही आहेत, ही भूमिका तेथे मांडली गेली. लॅटिन अमेरिकेतल्या समाज-संग्रहालयांची मुळे या परिषदेत आहेत.

अधिकृत व्याख्येत याला स्थान आहे का?

आहे. आंतरराष्ट्रीय संग्रहालय परिषदेने ऑगस्ट २०२२ मध्ये प्राग येथे स्वीकारलेल्या व्याख्येत संग्रहालये सर्वांना खुली, सुलभ आणि समावेशक असावीत आणि त्यांचे काम समाजांच्या सहभागाने चालावे, असे म्हटले आहे. ‘सहभाग’ हा शब्द व्याख्येत यायला बरीच वर्षे आणि बरेच वादविवाद लागले.

फिरते संग्रहालय प्रत्यक्षात कसे चालते?

वाहन हा त्यातला सोपा भाग आहे. कोलकात्याच्या बिर्ला औद्योगिक आणि तंत्रज्ञान संग्रहालयाने १९६५ मध्ये विजेसंबंधीची उपकरणे एका बसवर बसवून ती ग्रामीण शाळांकडे पाठवली आणि त्यातूनच भारतातील फिरत्या विज्ञान प्रदर्शनांची मोठी परंपरा निर्माण झाली. मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयाची ‘म्युझियम ऑन व्हील्स’ ही बस २०१५ पासून शाळा आणि वस्त्यांपर्यंत जाते. बसच्या आत मांडणी करताना रस्त्याचे धक्के, धूळ, उष्णता आणि अरुंद जागा यांचा विचार करावा लागतो. म्हणूनच अशा वाहनांत बहुतेक वेळा प्रतिकृती, प्रयोगाची उपकरणे आणि पडदे असतात. मूळ कापड किंवा जलरंगातील चित्र नेणे धोक्याचे असते, कारण अशा वस्तूंसाठी प्रकाशाची मर्यादा साधारण ५० लक्स (प्रकाश मोजण्याचे एकक) मानली जाते आणि भर दुपारी दार उघडताच ती ओलांडली जाते.

कसोटी लागते ती पैशांच्या सातत्याची. पॅरिसच्या पाँपिदू केंद्राने २०११ मध्ये रंगीत तंबूंचे सुटे होणारे संग्रहालय तयार केले आणि आधुनिक कलेतील सुमारे पंधरा मूळ कलाकृती लहान शहरांत नेल्या. प्रवेश विनामूल्य होता आणि प्रतिसादही चांगला होता. तरीही निधीअभावी २०१३ मध्ये तो उपक्रम बंद करावा लागला. वाहनाच्या उद्घाटनासाठी देणगीदार मिळतो; चौथ्या वर्षी चालकाचा पगार, टायर आणि विमा यांसाठी तो मिळेलच असे नाही. म्हणून वाहन घेण्यापूर्वी किमान पाच वर्षांच्या चालू खर्चाची तरतूद कोठून होणार, हे लेखी ठरवून घ्यावे, असे मी आग्रहाने सांगेन.

वस्तू हाताळायला देणे धोक्याचे नाही का?

सरसकट दिल्या तर निश्चितच धोक्याचे आहे. म्हणून बहुतेक संग्रहालये मुख्य संग्रहापासून वेगळा असा ‘हाताळणी संग्रह’ ठेवतात. ज्यांच्या अनेक प्रती आहेत, ज्यांचा उगम नोंदलेला नाही किंवा ज्या मुळातच वापरासाठी घडवलेल्या दणकट वस्तू आहेत, अशा वस्तू त्यात घेतल्या जातात.

नीट तयार केलेली पेटी उघडून पाहिली की तिच्यामागचा विचार लक्षात येतो. आतल्या फोममध्ये प्रत्येक वस्तूच्या आकाराची खाच कापलेली असते. त्यामुळे परत ठेवताना एखादी वस्तू राहिली तर ती रिकामी खाच लगेच नजरेत भरते. झाकणाच्या आतल्या बाजूला छायाचित्रांसह यादी चिकटवलेली असते आणि प्रत्येक वस्तूवर बारीक अक्षरांत क्रमांक असतो. वस्तू दोन्ही हातांनी धरावी, टेबलावर मऊ कापड अंथरून त्याच्या वरच फिरवावी, कान किंवा मूठ धरून उचलू नये, एवढ्याच सूचना असतात, आणि मुले त्या मोठ्यांपेक्षा काटेकोरपणे पाळतात. पेटी परत आली की प्रत्येक वस्तूची स्थिती नोंदवहीत लिहिली जाते. एखादा टवका उडालाच, तर वापरात झालेली झीज म्हणून तीही नोंदली जाते.

मात्र एक धोका फारसा कोणाला ठाऊक नसतो. जुने पेंढा भरलेले पक्षी आणि प्राणी टिकवण्यासाठी आर्सेनिक वापरले जाई, आणि पिसे, केस, लोकर असलेल्या अनेक जुन्या वस्तूंवर पारा किंवा कीटकनाशके मारलेली असतात. अशा वस्तू तपासणी केल्याशिवाय मुलांच्या किंवा कोणाच्याही हातात देऊ नयेत.

ज्यांच्या पूर्वजांनी वस्तू घडवल्या, त्यांच्यापर्यंत मूळ वस्तू नेता येतात का?

येतात, आणि भिंतींबाहेरच्या कामाचा हाच सर्वांत खोल अर्थ आहे, असे मला वाटते.

ऑक्सफर्डच्या पिट रिव्हर्स म्युझियममध्ये उत्तर अमेरिकेतील ब्लॅकफूट लोकांचे पाच चामडी अंगरखे आहेत. १८४१ मध्ये ते हडसन्स बे या फरचा व्यापार करणाऱ्या कंपनीच्या अधिकाऱ्यांकडे गेले आणि १८९३ पासून ते या संग्रहालयात आहेत. त्यांवर केसांच्या झालरी आहेत, साळींदराच्या काट्यांची नक्षी आहे आणि काहींवर योद्ध्यांच्या पराक्रमाची चित्रे आहेत. त्या लोकांच्या स्वतःच्या प्रदेशात इतके जुने अंगरखे जवळजवळ उरलेच नव्हते. २०१० मध्ये संग्रहालयाने हे पाचही अंगरखे कॅनडातील अल्बर्टा प्रांतात नेले आणि तेथील दोन संग्रहालयांत ते काचेच्या कपाटात न ठेवता टेबलांवर मांडले. शेकडो ब्लॅकफूट माणसे, म्हातारी आणि शाळकरी, गटागटाने आली. त्यांनी ते अंगरखे हातमोजे न घालता हाताळले, शिवण पाहिली, काटे कसे दुमडले आहेत हे जवळून न्याहाळले आणि त्यांच्यापाशी प्रार्थनाही केली. संवर्धकांनी आधी प्रत्येक अंगरख्याची तपासणी केली होती आणि नाजूक जागा कोणत्या हे दाखवून दिले होते. संग्रहालयाच्या नोंदींत जे नव्हते ते अशा भेटींतून बाहेर येते : कोणता आकार कशाचे चिन्ह आहे, असा अंगरखा कोणाला घालता येई, तो एकाकडून दुसऱ्याकडे कसा सोपवला जाई.

कधी वस्तू भेटीला जाऊन परत येतात, तर कधी कायमच्या घरी जातात. कॅनडाच्या पश्चिम किनाऱ्यावरील क्वाक्वाकावाक्व लोकांच्या पॉटलॅच या भेटी वाटण्याच्या समारंभावर सरकारने बंदी घातली होती आणि १९२१ मधील एका मोठ्या समारंभानंतर मुखवटे, ढालीच्या आकाराचे तांब्याचे मानाचे पत्रे आणि इतर वस्तू जप्त करून संग्रहालयांत वाटल्या होत्या. बंदी १९५१ मध्ये उठली; वस्तू परत मिळवण्यासाठी त्यानंतरही दीर्घ झगडा द्यावा लागला. परत आलेल्या वस्तूंसाठी ॲलर्ट बे येथे १९८० मध्ये उमिस्ता सांस्कृतिक केंद्र उघडले. ‘उमिस्ता’ हा शब्द पूर्वी शत्रूच्या कैदेतून सुटून घरी परतलेल्या माणसांसाठी वापरला जाई. हिरावून घेतलेल्या वस्तू परत देणे हेही भिंतींबाहेरचे काम मानावे का, असे काही जण विचारतात. माझे उत्तर निःसंशय ‘हो’ असे आहे.

रुग्णालये आणि वृद्धाश्रमांशी संग्रहालयांचा काय संबंध?

स्मृतिभ्रंश झालेल्या माणसाला आज सकाळचे आठवत नाही, पण साठ वर्षांपूर्वीच्या साबणाचा डबा, शाळेची घंटा किंवा कारखान्यातले हत्यार हातात दिले की बोलणे सुरू होते, असा अनुभव अनेक ठिकाणी आला आहे. त्यावर आधारलेला ‘हाउस ऑफ मेमरीज’ हा उपक्रम लिव्हरपूलच्या राष्ट्रीय संग्रहालयांनी २०१२ मध्ये सुरू केला. त्याचे वैशिष्ट्य असे की तो मुख्यतः रुग्णांची काळजी घेणाऱ्यांना प्रशिक्षण देतो आणि आठवणींच्या पेट्या उसन्या देतो. संग्रहालयाचा माणूस महिन्यातून एकदा येईल, पण काळजी घेणारी व्यक्ती रोज तिथे असते, हे ओळखून केलेली ही आखणी मला अतिशय योग्य वाटते.

लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजमधील संशोधकांनी संग्रहालयातील वस्तू थेट रुग्णांच्या खाटेपाशी नेल्या. अर्ध्या-पाऊण तासाच्या भेटीत रुग्ण वस्तू हाताळत आणि भेटीच्या आधी व नंतर त्यांना कसे वाटते याची मोजणी केली जाई. अनेकांच्या मनःस्थितीत सुधारणा दिसली. अर्थात रुग्णालयात संसर्गाचा विचार आधी करावा लागतो, त्यामुळे पुसून स्वच्छ करता येणाऱ्या वस्तूच निवडाव्या लागतात. माँट्रियलच्या ललितकला संग्रहालयाने २०१८ मध्ये डॉक्टरांच्या संघटनेसोबत अशी व्यवस्था केली की डॉक्टर रुग्णांना संग्रहालयभेटी चिठ्ठीवर लिहून देऊ शकतील. संग्रहालय हे औषधाला पर्याय नाही आणि तसा दावा कोणी करू नये. एकटेपणावर मात्र ते खरोखर काही करू शकते.

आपत्तीच्या काळात संग्रहालयाचा काय उपयोग?

न्यूझीलंडमधील क्राइस्टचर्च शहरात फेब्रुवारी २०११ मध्ये भूकंप झाला, तेव्हा तेथील कलादालनाची इमारत आपत्कालीन यंत्रणेचे मुख्यालय बनली. त्यानंतर दालन प्रेक्षकांसाठी जवळजवळ पाच वर्षे, डिसेंबर २०१५ पर्यंत, बंद राहिले. या काळात कर्मचाऱ्यांनी शहरालाच दालन मानले : भिंतींवर चित्रे रंगवली, रिकाम्या दुकानांत आणि मोकळ्या भूखंडांवर कलाकृती मांडल्या. २०१२ मध्ये मायकल पारेकोफाय यांचे एक शिल्प पडझड झालेल्या भागात ठेवले गेले. पियानोवर पाय रोवून उभा असलेला तो काशाचा बैल लोकांना इतका आपला वाटला की तो शहरातच राहावा म्हणून त्यांनी वर्गणी काढली.

जपानमधील रिकुझेन्ताकाता येथील नगर संग्रहालय मार्च २०११ मध्ये त्सुनामीत बुडाले आणि तेथील कर्मचाऱ्यांचाही जीव गेला. इतर ठिकाणच्या संग्रहालयांतील लोकांनी आणि स्वयंसेवकांनी चिखलातून सुमारे ४,६०,००० वस्तू व नमुने बाहेर काढले आणि त्यांतले मीठ, वाळू व बुरशी काढण्याचे काम पुढे वर्षानुवर्षे चालू ठेवले. ढिगाऱ्यात कोणीतरी एक चिठ्ठी ठेवली होती. या वस्तू कृपया नेऊ नका, या गावाचा निसर्ग, इतिहास आणि संस्कृती पुन्हा उभी करण्यासाठी त्या लागणार आहेत, अशा अर्थाचा मजकूर तिच्यावर होता. स्वतःचे घर वाहून गेलेल्या गावात ती चिठ्ठी लिहिली गेली होती, हे मला विसरता येत नाही.

सर्व काही इंटरनेटवर टाकले तर बाहेर जाण्याची गरज उरते का?

उरते. डिजिटल संग्रहाचे महत्त्व मोठे आहे. स्मिथसोनियनने फेब्रुवारी २०२० मध्ये सुमारे २८ लाख प्रतिमा कोणत्याही बंधनाविना वापरासाठी खुल्या केल्या. त्याच वर्षी महासाथीत, युनेस्कोच्या पाहणीनुसार, जगातील सुमारे ९० टक्के संग्रहालये, म्हणजे ८५,००० हून अधिक, तात्पुरती बंद झाली आणि पडदा हाच एकमेव दरवाजा राहिला. पण त्याच पाहणीत असेही आढळले की आफ्रिकेतील आणि लहान द्वीपराष्ट्रांतील केवळ ५ टक्के संग्रहालयांना ऑनलाइन काही देता आले. ज्यांच्यापर्यंत संग्रहालय आधीच पोहोचत नव्हते, त्यांच्यापर्यंत ते बहुधा पडद्यावरूनही पोहोचत नाही.

लोकांकडूनही संग्रहालयाला काही मिळते का?

पुष्कळ मिळते. इंग्लंड आणि वेल्समध्ये १९९७ पासून चालणाऱ्या ‘पोर्टेबल अँटिक्विटीज स्कीम’ या योजनेत शेतात, माळावर सापडलेल्या वस्तू लोक स्वतःहून नोंदवायला आणतात. त्यासाठी ठिकठिकाणच्या संग्रहालयांत खास अधिकारी नेमलेले आहेत. वस्तू बहुतेक वेळा सापडणाऱ्याकडे किंवा जमीनमालकाकडेच राहते, ती कोठे सापडली याची नोंद मात्र सर्वांची होते. अशा १५ लाखांहून अधिक वस्तू आजवर नोंदल्या गेल्या आहेत. निसर्गाच्या बाबतीत लॉस एंजेलिस आणि सॅन फ्रान्सिस्को येथील दोन संग्रहालयांनी २०१६ मध्ये ‘सिटी नेचर चॅलेंज’ सुरू केले. आपापल्या शहरातील जीव टिपण्याचा हा उपक्रम आता जगभरातील शहरांत दरवर्षी होतो.

संशोधन विभागाचा सामान्य माणसाशी काय संबंध येतो?

१९९३ मध्ये अमेरिकेच्या नैऋत्य भागात हंटा विषाणूच्या आजाराने माणसे दगावू लागली, तेव्हा संग्रहालयांनी पूर्वीच गोठवून ठेवलेल्या उंदरांच्या ऊती तपासल्या गेल्या आणि विषाणू साथीच्या आधीपासून त्या प्रदेशातील उंदरांत होता हे सिद्ध झाले. त्या ऊती जमवताना अशा उपयोगाची कोणालाही कल्पना नव्हती. फील्ड म्युझियमचे जीवशास्त्रज्ञ आणि समाजशास्त्रज्ञ तर संकटात असलेल्या जंगलांत काही आठवडे राहून तेथील जीवांची आणि लोकांच्या गरजांची झपाट्याने पाहणी करतात. अशाच एका पाहणीनंतर पेरू देशात २००१ मध्ये कोर्डिलेरा अझुल राष्ट्रीय उद्यान घोषित झाले. त्याचा विस्तार १३,००० चौरस किलोमीटरहून अधिक आहे.

यश कसे मोजावे? बाहेर गेल्याने इमारतीत येणाऱ्यांची संख्या वाढते का?

कधी वाढते, कधी नाही; पण तो हेतू धरून बाहेर पडणे मला चुकीचे वाटते. ज्या आजींना घराबाहेर पडता येत नाही, त्या पेटी पाहून झाल्यावरही तिकीट काढणार नाहीत. किती ठिकाणी गेलो यापेक्षा एकाच ठिकाणी किती वेळा गेलो, दुसऱ्या भेटीची मागणी कोणी केली आणि लोकांच्या सांगण्यावरून आपल्या नोंदींत काय बदलले, हे तपासावे. ग्लासगोच्या संग्रहालयांनी १९९० मध्ये ‘ओपन म्युझियम’ हा विभाग सुरू केला, तो आजही नावाजला जातो. तेथे वस्तीतले गट स्वतः साठ्यातून वस्तू निवडतात आणि आपल्या जागेत आपले प्रदर्शन मांडतात. अशा ठिकाणी आकड्यांच्या तक्त्यासोबत लोकांनी लिहिलेले वस्तुपरिचय जपून ठेवावेत. पुढच्या अभ्यासकाला त्यांतूनच खरी माहिती मिळेल.

दोन-तीन कर्मचारी असलेल्या लहान संग्रहालयाने सुरुवात कोठून करावी?

एका पेटीपासून आणि एका जागेपासून. जवळची एक शाळा, एक वाचनालय किंवा एक वृद्धाश्रम निवडावा, पहिल्या भेटीत काहीही न नेता फक्त ऐकून यावे, आणि मग दहा-बारा वस्तू निवडाव्यात. वर्षभर त्याच ठिकाणी ठरलेल्या दिवशी जावे. पहिल्याच वर्षी पंधरा ठिकाणी जाण्याचा मोह होतो आणि अहवालात ते शोभूनही दिसते, परंतु एकदा येऊन पुन्हा न आलेल्या माणसावर कोणीही विश्वास ठेवत नाही.

आमची शाळा किंवा संस्था संग्रहालयाकडे काय मागू शकते?

मागून पाहावे असे बरेच आहे : उसनी पेटी, एखादे व्याख्यान, जुन्या छायाचित्रांचे व कागदपत्रांचे जतन कसे करावे याचे प्रशिक्षण, सापडलेल्या वस्तूची ओळख, साठ्याला भेट. आपल्या परिसरातून गेलेल्या वस्तू संग्रहात आहेत का, हेही जरूर विचारावे. विनंती लेखी करावी आणि कोणत्या गटासाठी, किती जणांसाठी, कोणत्या जागेत हे स्पष्ट लिहावे.

समाजानेच नको म्हटले तर?

तर थांबावे. काही वस्तू फक्त स्त्रियांनी पाहायच्या असतात, काही फक्त दीक्षा घेतलेल्यांनी, आणि काही समाजांत मृत व्यक्तीचे छायाचित्र दाखवणे दुखावणारे असते. सगळे सर्वांना दाखवले पाहिजे हा आग्रह चांगल्या हेतूचा असला, तरी तोही बाहेरूनच लादलेला असतो.

ऑस्ट्रेलियातील वारुमुंगू लोकांनी अमेरिकन अभ्यासक किम क्रिस्टन यांच्यासोबत या अडचणीवर एक व्यवस्था तयार केली. त्यांच्या डिजिटल संग्रहात कोणती प्रतिमा कोणी पाहायची हे त्या समाजाचे नियम ठरवतात आणि प्रवेश नात्यानुसार व स्त्री-पुरुष भेदानुसार खुला होतो. पुढे ही संगणकप्रणाली जगातील इतर आदिवासी समाजांनीही स्वीकारली. तिचे नाव ‘मुकुर्तू’ आहे आणि ते वारुमुंगू ज्येष्ठांनीच सुचवले. मुकुर्तू म्हणजे पवित्र वस्तू जपून ठेवण्याची विणलेली थैली. ती ज्येष्ठांकडे असे, आणि आतले पाहायचे असेल तर त्यांच्याकडे जाऊन, रीतीने विचारावे लागे.